झिस्ट आणि त्याचे अंमलदार

मानवी जनुकसंहितेचा जेमतेम २ टक्के भाग प्रथिनांच्या घडणीच्या कामी येतो, आणि उरलेल्यापैकी पुष्कळसा आरएनएच्या रूपाने उतरवला जात असूनही त्यातून प्रथिन म्हणून काही निपजत नाही, हे ध्यानी आल्यावर त्या आरएनएला निरुपयोगी ठरविण्याकडे अनेक विद्वानांचा कल झाला. तो निवाडा घाईचा होता, याचा पुरावा स्त्रीदेहातील पेशींतच सापडतो.

स्त्रीपाशी एक्स गुणसूत्रे दोन, पुरुषापाशी एकच. मग त्यावरील जनुकांचा कारभार स्त्रीच्या पेशीत दुप्पट का होत नाही? १९६१ साली मेरी लायन या ब्रिटिश विदुषीने असे प्रतिपादन केले, की गर्भावस्थेच्या आरंभीच प्रत्येक पेशी दोहोंपैकी एक एक्स यदृच्छेने बंद करते आणि तिच्यापासून निपजणाऱ्या पेशी तीच निवड पुढे चालवितात. तांबडे-काळे ठिपके ल्यालेली मांजर बहुधा मादीच असते, त्याचेही मर्म यातच आहे.

हे घडविणारा 'झिस्ट' १९९१ मध्ये हाती लागला. सुमारे १७,००० घटकांचा हा आरएनए ज्या गुणसूत्रावर जन्मतो त्यालाच वेढून राहतो. तथापि अदालतीचा जप्तीचा हुकूम कितीही रीतसर असला तरी बेलीफ दारी आल्यावाचून त्याची बजावणी होत नाही, आणि हुकुमाचा कागद हाती नसलेल्या बेलिफास कोणाच्या दारी जावे हे उमगत नाही. तद्वत जनुके बंद करण्याचे सामर्थ्य प्रथिनांपाशी, तर ठिकाणाची खूण झिस्टपाशी आहे. झिस्टच्या आरंभीच्या टोकाशी एक आखूड अनुक्रम पुनःपुन्हा येतो. तेथे 'स्पेन' नावाचे प्रथिन बिलगते (हे २०१५ च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांनी निरनिराळ्या मार्गांनी सिद्ध केले) आणि इतर प्रथिनांना पाचारण करते. डीएनए ज्या हिस्टोन-प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांवरील अॅसिटिल गटांच्या खुणा ही मंडळी पुसून टाकतात आणि जनुकांचे वाचन थांबते. झिस्टच्या दुसऱ्या एका भागाला धरणारी प्रथिने पॉलिकोम्ब नामक समूहाला बोलावून या बंदीस बळकटी आणतात.

आरंभीचा तो अनुक्रम छाटून टाकला, तर झिस्ट गुणसूत्राला पूर्ववत वेढतो, परंतु जनुके बहुतांशी चालूच राहतात. आरएनए श्रेष्ठ की प्रथिन, हा वाद मला त्यामुळे निरर्थक वाटतो. शालेय पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी झिस्टसाठी निदान एक परिच्छेद राखून ठेवावा, एवढीच विनंती.