गाडी टिकते, नकाशा शिळा होतो

मोटारीच्या दर्शनी पटावर बसवलेला दिशादर्शक नकाशा हे आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबात अजूनही काहीसे मिरवण्याचे साधन आहे. विक्रेता गाडी दाखवताना प्रथम तो पडदाच उजळून दाखवतो. हा नकाशा सहसा गाडीच्या सर्वांत महाग प्रकारात मिळतो आणि तो हवा असेल तर छतावरची काच, चामडी आसने आणि आपल्याला नको असलेल्या आणखी चार गोष्टी यांचेही पैसे मोजावे लागतात. पुढे तीन-चार वर्षांनी त्याच गाडीत बसावे, तर त्या पडद्याच्या शेजारीच काचेला रबरी चकतीने चिकटवलेला मोबाइल दिसतो आणि चालक मार्ग विचारतो तो मोबाइलला. एकाच कामासाठी दोन यंत्रे, आणि त्यांपैकी जे महाग ते निरुपयोगी, हा हिशेब कुठेतरी चुकतो आहे खरा.

ही कल्पना नवी नाही. होंडा कंपनीने १९८१ साली जपानमध्ये आपल्या अकॉर्ड गाडीसाठी असे उपकरण आणले. त्या वेळी सामान्य मोटारीला वाट दाखवणारी उपग्रहसेवा नव्हतीच. वायूवर चालणारा दिशामापक आणि चाकांच्या फेऱ्या यांवरून गाडी किती आणि कोणीकडे गेली याचे गणित होई, आणि पारदर्शक पत्र्यावर छापलेला नकाशा चालकाने स्वतः पडद्यासमोर सरकवायचा असे. अमेरिकेत १९८५ मध्ये इटॅक नावाच्या कंपनीने नकाशे चक्क कॅसेटवर भरून विकले. माझदाच्या युनोस कॉस्मो या गाडीत १९९० साली उपग्रहाधारित यंत्रणा कारखान्यातूनच बसून आली. तरीही सामान्य माणसाला मिळणारे उपग्रहसंकेत अमेरिकी सरकार मुद्दाम अस्पष्ट ठेवत असे. मे २००० मध्ये ते बंधन उठले, आणि मगच गाडी रस्त्यावर आहे की शेजारच्या गल्लीत, हे खात्रीने कळू लागले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ त्यात आहे. उपग्रह आपल्याला केवळ अक्षांश-रेखांश ठरवण्याचे साधन देतो. त्या बिंदूवर रस्ता आहे, ओढा आहे की उसाचे शेत, हे त्याला ठाऊक नसते. ते सांगतो गाडीतला नकाशा, आणि हा नकाशा एखाद्या चिमुकल्या कार्डात किंवा यंत्राच्या स्मृतीत भरलेला असतो. रस्त्यांची पाहणी, नोंद, पडताळणी, मग त्या विशिष्ट गाडीवर चाचणी, असे टप्पे ओलांडून तो कारखान्यात येतो. म्हणजे गाडी नवी कोरी असली तरी तिच्यातला नकाशा त्या दिवशीही काही महिने जुनाच असतो.

ज्या प्रदेशात रस्ते वर्षानुवर्षे बदलत नाहीत तेथे हे खपून जाईल. आपल्याकडे काय घडले पाहा. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. एकूण लांबी ७०१ किलोमीटर. मुंबईचा अटल सेतू जानेवारी २०२४ मधला. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी तेथे नवी गुंतवळ उभी राहिली. जिल्ह्यांची नावेही बदलली: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. २०१९ सालच्या नकाशाला यांतले काहीच ठाऊक असण्याचे कारण नाही.

माझे धाकटे मेहुणे नाशिकचे. त्यांची गाडी २०१९ सालची, त्या वेळचा सर्वांत वरचा प्रकार. गेल्या हिवाळ्यात ते आणि माझी बहीण शिर्डीजवळून समृद्धीवर चढून नागपूरला निघाले. पडद्यावरचा बाण रस्ता सोडून कोऱ्या जागेतून, म्हणजे नकाशाच्या मते थेट शेतांतून, धावू लागला आणि आतली बाई दर दोन-चार मिनिटांनी सांगू लागली, "शक्य होताच मागे वळा." ज्या मार्गावर मागे वळायला जागाच नाही आणि वळणे प्राणावर बेतणारे आहे, तेथे हा उपदेश! शेवटी बहीण म्हणाली, "अहो, आधी तिचे बोलणे बंद करा, मग पुढचे पाहू." पुढचा सारा प्रवास रस्त्यावरच्या पाट्या वाचत झाला. नंतर त्यांनी सेवाकेंद्रात चौकशी केली. मोफत अद्ययावतीकरणाची मुदत संपली होती; नवे कार्ड विकत घ्यावे लागेल, ते याच गाडीत चालेल, दुसऱ्या गाडीत नाही, आणि तूर्त त्या प्रकारचे कार्ड शिल्लक नाही, असे उत्तर मिळाले.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यात प्रथम जमाखर्च दिसतो. गाडी हा भांडवली खर्च. तिचा घसारा आपण सावकाश मोजतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि आपल्यातली बहुतेक कुटुंबे गाडी आठ-दहा वर्षे तरी सांभाळतात. नकाशा मात्र स्वभावाने महसुली खर्चात मोडणारा, दैनिकासारखा, नित्य नवा लागणारा. तो एकदाच, भांडवली किमतीत, आगाऊ विकला जातो. कर्ज सात वर्षांचे असेल तर शिळ्या झालेल्या नकाशावरही आपण व्याज भरत राहतो. आमच्या वेळी एखाद्या कर्जदाराने असे तारण आणले असते, तर आम्ही त्याचे मूल्य शून्य धरले असते.

परदेशी ग्राहकही यातून सुटलेले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांतील दिशादर्शकाची घड्याळे एकाएकी २००२ सालात गेली, आणि ऑगस्टमध्ये ती आपोआप सुधारतील असे मालकांना सांगण्यात आले. उपग्रहयंत्रणा आठवडे मोजते आणि १०२४ आठवड्यांनंतर, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून थोड्या अधिक काळाने, पुन्हा शून्यापासून आरंभ करते. तो फेरा नीट न सांभाळणाऱ्या उपकरणाला वर्षाचा भ्रम होतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीने आपले थ्रीजी जाळे बंद केले, तेव्हा त्यावर विसंबलेल्या कित्येक धडधाकट गाड्यांच्या जोडसेवा मुक्या झाल्या. इंजिनाला काहीही झाले नव्हते.

पत्ता भरणे हाही एक व्याप आहे. अक्षरे रोमन, गाव मराठी. आपण 'शिरूर' शोधावे, तर पुणे जिल्ह्यात एक, बीडमध्ये शिरूर कासार आणि लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. वडगावांची तर गणतीच नको. शिवाय अनेक गाड्यांत चाक फिरू लागले की अक्षरफलक बंद होतो. चालकाने चालत्या गाडीत टंकन करू नये हे योग्यच. पण शेजारी रिकाम्या हाताने बसलेल्या गृहिणीलाही ती मनाई असते.

तरी न्याय दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. घाटात मोबाइलचे जाळे गेले की फोनवरचा नकाशा, आधी उतरवून ठेवला नसेल तर, कोरा होतो. गाडीतला नकाशा तेथेही सोबत देतो. बोगद्यात उपग्रह दिसत नाही. समृद्धीवर इगतपुरी-कसारा भागात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. अशा ठिकाणी गाडीतील चांगली यंत्रणा चाकांच्या फेऱ्या आणि वळणे मोजून आपली जागा सांगत राहते, म्हणजे १९८१ चेच तत्त्व. फोन बिचारा उन्हात तापतो आणि नेमका फाटा आला की कोणाचा तरी दूरध्वनी येतो.

२०१४ मध्ये ॲपलचे कारप्ले आणि त्यापाठोपाठ अँड्रॉइड ऑटो आले. फोनवरचा ताजा नकाशा गाडीच्या पडद्यावर उतरू लागला आणि बहुसंख्य मालकांची अडचण मिटली. आता साध्या प्रकारच्या गाड्यांतही ही सोय असते. म्हणूनच केवळ अंगभूत नकाशासाठी वरच्या प्रकाराचा जादा पैसा मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. पण ही सोय कायमची आहे असेही समजू नये. जनरल मोटर्सने २०२३ मध्येच आपल्या नव्या विद्युत गाड्यांतून ती काढण्याचे जाहीर केले. ग्राहकाला स्वतःच्या पडद्यावर आणि पुढे वर्गणीवर बांधून ठेवण्यात उत्पादकांचा स्वार्थ उघड आहे.

तेव्हा गाडी ठरवताना नकाशा कोणत्या महिन्यापर्यंतचा आहे, अद्ययावतीकरण किती वर्षे मोफत आणि त्यानंतर काय दराने, हे विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावे. तोंडी आश्वासन देणारा विक्रेता दोन वर्षांनी त्या दालनात असेलच असे नाही. आणि जुनी गाडी विकताना कागदपत्रांबरोबर पडद्याकडेही लक्ष द्यावे. 'घर' या शब्दापुढे आपला पत्ता, मुलीचे सासर, नातवाची शाळा, वैद्यांचे रुग्णालय, सारे त्यात जपून ठेवलेले असते. फोनची नावनिशी आणि संपर्कयादीही बहुधा तेथेच राहते. किल्ली देण्यापूर्वी ते सगळे पुसून टाकावे. मेहुण्यांच्या गाडीत त्याची सोय तिसऱ्या पानावर, 'मूळ स्थिती' या नावाखाली सापडली.