गावाची नोंदवही आणि धोरण

जैवविविधतेचे ज्ञान धोरणापर्यंत नेणारी भारतातील सर्वांत तळाची यंत्रणा म्हणजे जैवविविधता व्यवस्थापन समिती. जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 41 नुसार ती प्रत्येक स्थानिक संस्थेने नेमायची असते. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडची नगर परिषद आणि तालुक्यातील ग्रामपंचायतीही त्यात आल्या. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे मुख्य काम. गोदाकाठचे मासे, बांधावरच्या औषधी वनस्पती, गावरान वाण, लाल कंधारी गाय आणि त्यांविषयी शेतकरी, मेंढपाळ, वैदू यांना असलेली जाण तीत नोंदवता येते. या पद्धतीचा पाया परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी घातला.

समितीच्या हद्दीतील जैविक संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने तिचा सल्ला घ्यावा, असे कायदा सांगतो. हा अधिकार मोठा आहे. पण नोंदीच कच्च्या असतील तर सल्ल्याला वजन येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यावर देशभर त्यांची घाई झाली. खरी गरज आहे ती वनस्पती अचूक ओळखणाऱ्या, ऋतूनुसार नोंदी ताज्या ठेवणाऱ्या आणि ठरावाची भाषा जाणणाऱ्या स्थानिक माणसांची. जवळच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे व प्राणिशास्त्राचे शिक्षक अशी माणसे घडवू शकतात. जागतिक पातळीवर 2012 मध्ये स्थापन झालेल्या ‘आयपीबीईएस’ या जैवविविधता व परिसंस्था सेवांविषयीच्या आंतरशासकीय मंचानेही क्षमताबांधणी हे आपले एक प्रमुख कार्य मानले आहे.