मित्राला मंत्रिपद, मागणीला वाटाण्याच्या अक्षता

२०१४च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४२ जागा महायुतीने जिंकल्या. भाजपच्या २३, शिवसेनेच्या १८ आणि हातकणंगल्याची एक जागा स्वाभिमानी पक्षाच्या राजू शेट्टींची. रामदास आठवलेंचा रिपब्लिकन पक्ष, महादेव जानकरांचा राष्ट्रीय समाज पक्ष आणि विनायक मेटेंचा शिवसंग्राम यांच्या नावावर एकही जागा नव्हती. पण ऊसपट्ट्यातला शेतकरी, धनगर समाज, आंबेडकरी वस्त्या आणि मराठा तरुण यांच्यापर्यंत महायुती पोहोचली ती या चौघांच्या कार्यकर्त्यांमुळे. जानकरांनी बारामतीत सुप्रिया सुळेंचे मताधिक्य सत्तर हजारांच्या आत आणले. माढ्यात स्वाभिमानीचेच सदाभाऊ खोत जेमतेम पंचवीस हजारांनी हरले. पश्चिम महाराष्ट्रातल्या बालेकिल्ल्यांना तडा गेला होता.

ही मोट बांधली होती गोपीनाथ मुंडे यांनी. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत अपघातात त्यांचे निधन झाले आणि छोट्या पक्षांचा शब्द ज्याच्याकडे ठेवायचा तो माणूस गेला. ठरले काय होते याचा कागद कुठेच नव्हता. पुढच्या दहा वर्षांत जे घडले त्याचे मूळ मला इथे दिसते.

विधानसभेच्या जागावाटपाचा घोळ सप्टेंबरभर चालला आणि २५ तारखेला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, भाजप-शिवसेनेची पंचवीस वर्षांची युती तुटली. छोटे पक्ष भाजपसोबत राहिले. निकालात भाजपला १२२ आणि शिवसेनेला ६३ जागा मिळाल्या. राष्ट्रवादीने त्याच दिवशी भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला आणि जुन्या मित्राची गरज एका दुपारीत कमी झाली.

त्या गरजेचा भाव ९ नोव्हेंबरला दिल्लीत दिसला. केंद्रीय मंत्रिमंडळाचा विस्तार होता. शिवसेनेचे खासदार अनिल देसाई शपथ घ्यायला विमानाने दिल्लीत उतरले आणि पक्षप्रमुखांचा निरोप आल्यावर विमानतळावरूनच माघारी फिरले. त्याच दिवशी सुरेश प्रभूंनी भाजपमध्ये प्रवेश केला आणि कॅबिनेट मंत्री म्हणून शपथही घेतली. मित्रपक्षातला माणूस हवा, मित्रपक्ष नको, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसले असेल. तीन दिवसांनी राज्यात आवाजी मतदानाने विश्वासदर्शक ठराव मंजूर झाला तेव्हा शिवसेना विरोधी बाकांवर होती. ५ डिसेंबरला तिचे मंत्री सरकारात गेले, पण मने जुळली नाहीत. 'राजीनामे खिशात आहेत' असे म्हणतच पाच वर्षे सरली.

शिवसेनेजवळ निदान ६३ आमदार होते. छोट्या पक्षांजवळ संख्याबळ नव्हते, फक्त एकेक मागणी होती. या काळाचा हिशेब त्या मागण्यांवरूनच मांडायला हवा.

शेट्टींची मागणी होती उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव. २०१४च्या प्रचारात नरेंद्र मोदींनी ते आश्वासन दिले होते. फेब्रुवारी २०१५मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की असा भाव दिल्यास बाजार विस्कळीत होईल. २०१८च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली, पण त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याज धरले नव्हते. जानकरांचा समाज अनुसूचित जमातीचे आरक्षण मागत होता. जुलै २०१४मध्ये बारामतीत उपोषणाला बसलेल्या धनगर आंदोलकांसमोर देवेंद्र फडणवीस यांनी सत्ता आल्यावर पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत निर्णय घेण्याचा शब्द दिला. सत्ता आली, अभ्यासाचे काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे गेले आणि २०१९ची विधानसभा तोंडावर आल्यावर आदिवासींच्या धर्तीवर योजनांचे पॅकेज जाहीर झाले. आरक्षण मिळाले नाही. आंबेडकरी जनतेसाठी इंदू मिलच्या जागेवरच्या स्मारकाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५मध्ये झाले. मेटे ज्या शिवस्मारकाच्या समितीचे अध्यक्ष होते, त्याचे जलपूजन मुंबई महापालिकेची निवडणूक दोन महिन्यांवर असताना, २४ डिसेंबर २०१६ला झाले. दशक उलटले तरी इंदू मिलमधल्या स्मारकाचे लोकार्पण झाले नाही आणि अरबी समुद्रात स्मारक उभे राहिले नाही.

याच काळात माणसांची सोय मात्र होत गेली. जुलै २०१६मध्ये आठवले केंद्रात राज्यमंत्री झाले. त्याच आठवड्यात जानकर राज्यात कॅबिनेट मंत्री आणि सदाभाऊ खोत कृषी राज्यमंत्री झाले. चळवळीतल्या माणसाने मंत्री होऊ नये, असे मी म्हणणार नाही. खुर्चीतून कामे होतात, त्यासाठीच लोक मते देतात. पण मंत्री करताना त्याची मागणी दाराबाहेर ठेवायला लावली, तर त्याच्यामागच्या लोकांना काय मिळाले?

याचे उत्तर १ जून २०१७ला सुरू झालेल्या शेतकरी संपात मिळाले. पुणतांब्याच्या ग्रामसभेतून उठलेला हा संप राज्यभर पसरला. रस्त्यावर दूध ओतले जात होते, बाजार समित्यांत शुकशुकाट होता. दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर मुख्यमंत्र्यांच्या वर्षा निवासस्थानी बैठक झाली आणि पहाटे संप मागे घेतल्याची घोषणा झाली. त्या बैठकीत सरकारच्या बाजूने सदाभाऊ होते. सकाळी गावोगावच्या शेतकऱ्यांनी ही तडजोड झुगारून दिली आणि संप चालूच राहिला. ज्या संघटनेने सदाभाऊंना घडवले, तिचेच कार्यकर्ते रस्त्यावर होते. ऊस आंदोलनात लाठ्या खाल्लेल्या त्या पोरांनी आपला मंत्री टेबलाच्या पलीकडे बसलेला पाहिला. ऑगस्टमध्ये स्वाभिमानीने सदाभाऊंची हकालपट्टी केली आणि महिनाअखेरीस शेट्टी रालोआतून बाहेर पडले. मंत्री सरकारात राहिला, संघटना बाहेर आली. एक चळवळ उभी चिरली गेली, आणि त्याचे दुःख सत्तेतल्या कोणा नेत्याने केल्याचे मला आठवत नाही.

मोठ्या मित्राची किंमतही गरजेनुसार कशी बदलते, ते कोकणातल्या नाणारने दाखवले. २३ एप्रिल २०१८ रोजी तेल शुद्धीकरण प्रकल्पाविरोधातल्या सभेत शिवसेनेचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी भूसंपादनाची अधिसूचना रद्द केल्याचे जाहीर केले. मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले की हे मंत्र्यांचे वैयक्तिक मत आहे, सरकारचा निर्णय नाही. ज्या खात्याची अधिसूचना, त्याच खात्याच्या मंत्र्याचा शब्द संध्याकाळपर्यंत टिकला नाही. दहा महिन्यांनी, १८ फेब्रुवारी २०१९ला, लोकसभेसाठी पुन्हा युती जाहीर झाली आणि त्याच व्यासपीठावरून प्रकल्प नाणारमधून हलवण्याची घोषणा झाली. मार्चमध्ये अधिसूचना रद्दही झाली. आंबा-काजूच्या बागा, मच्छीमारांची भीती, ग्रामसभांचे ठराव एप्रिलमध्ये होते तसेच फेब्रुवारीत होते. बदलली होती ती मतांची निकड.

त्या फेब्रुवारीत सत्तेच्या वाटपाबद्दल जे ठरले तेही बंद दाराआड ठरले. ऑक्टोबरमध्ये भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळाल्या. शिवसेना म्हणाली, अडीच-अडीच वर्षांचे मुख्यमंत्रिपद ठरले होते. भाजप म्हणाला, असे काही ठरलेच नव्हते. सव्वाबारा कोटी लोकांच्या राज्याचे सरकार एका खोलीतल्या संभाषणावर अडले. छोट्या मित्रांची तर बोलण्याइतकीही जागा उरली नव्हती. त्यांच्या वाट्याच्या बहुतेक जागा कमळावर लढवल्या गेल्या. राष्ट्रीय समाज पक्षाचे २०१४मधले एकमेव आमदार, दौंडचे राहुल कुल, या वेळी भाजपचे उमेदवार झाले. आपला विश्वासघात झाला, असे जानकर तेव्हा उघडपणे बोलले. चिन्ह गेले की पक्षाची ओळख जाते आणि ओळख गेली की वाटाघाटीला बसायचा हक्कही जातो.

हा दोष एकाच पक्षाच्या माथी मारला तर ते अर्धे सत्य होईल. २००९ला काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत असलेले आठवले शिर्डीत पडले. मित्रपक्षांनी काम केले नाही ही खंत मनात ठेवूनच ते २०११मध्ये शिवसेनाप्रमुखांकडे गेले. शिवसेनेने काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत केलेल्या महाविकास आघाडीने २०१९मध्ये किमान समान कार्यक्रम छापून प्रसिद्ध केला, ही चांगली सुरुवात होती. पण शेट्टी सोबत असतानाच त्या सरकारने फेब्रुवारी २०२२मध्ये उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली. एकरकमी एफआरपी ही शेट्टींच्या हयातभराच्या लढ्याची मागणी. एप्रिलमध्ये ते आघाडीतून बाहेर पडले आणि तो आदेश रद्द करून घ्यायला त्यांना मार्च २०२५पर्यंत उच्च न्यायालयात झगडावे लागले. त्याच आघाडीत राज्यमंत्री असलेले बच्चू कडू २०२२च्या बंडात एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले, मंत्रिपदाविना राहिले आणि २०२४ला स्वतःच्या अचलपुरात हरले. पुढच्या वर्षी ते पुन्हा कर्जमाफीसाठी उपोषणाला बसले. एकेकाळी अनेक आमदार निवडून आणणारा शेतकरी कामगार पक्ष २०२४ला मित्राच्या उमेदवाराला हरवूनच सांगोल्यात जिंकला, ही आजची स्थिती.

छोट्या पक्षांच्या पुढाऱ्यांचेही चुकले. त्यांनी मागणीपेक्षा विधान परिषदेच्या जागेची घाई केली, कार्यकर्त्यांना विचारल्याशिवाय दिशा बदलली. तरीही मोठा दोष सरकार चालवणाऱ्यांचा आहे, कारण शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळण्याची ताकद त्यांच्याच हाती होती. गरज सरो नि वैद्य मरो, हा कारभाराचा नियम झाला की नुकसान एका पुढाऱ्याच्या आमदारकीपुरते राहत नाही. आंदोलन करून प्रश्न सुटतो, मत देऊन तो विधानसभेत पोहोचतो, हा लोकांचा विश्वास ढासळतो. आज ऊसपट्ट्यात आणि धनगरवाड्यांत जी उदासी आहे, ती या विश्वासघातांच्या साचण्यातून आली आहे.

म्हणून पुढची कोणतीही युती किंवा आघाडी मतदारांसमोर येईल तेव्हा तिने करार आधी छापावा. प्रत्येक मित्रपक्षाची मागणी त्यात मुदतीसह असावी, समन्वय समिती दर तीन महिन्यांनी बसावी आणि तिचे इतिवृत्त खुले असावे. मित्रपक्षांनी स्वतःचे चिन्ह सोडू नये आणि मंत्रिपद घेण्याआधी आपल्या मागणीचा शासन निर्णय हातात घ्यावा. हे करायला कायदा बदलावा लागत नाही, घटनेत दुरुस्ती लागत नाही. दिलेला शब्द कागदावर उतरवण्याची तयारी लागते, आणि जो नेता ती दाखवत नाही त्याला मते मागताना मित्रपक्षांचे झेंडे व्यासपीठावर लावण्याचा अधिकार नाही.