कोंडवाड्याचा कायदा आणि उभें पीक

रब्बीचें पीक हाताशीं आलें कीं गांवोगांवीं एक जुनें भांडण नव्यानें उभें राहतें. रात्रीं कोणाचीं तरी गुरें हरभऱ्यांत शिरतात, सकाळीं धनी बांधावर उभा राहून तुडविलेलें पीक पाहतो, आणि मग गुरें कोणीं मोकळीं सोडलीं यावरून शब्दाला शब्द लागून प्रकरण काठीपर्यंत जातें. अशा प्रसंगासाठींच सरकारनें दीडशें वर्षांपूर्वीं एक कायदा करून ठेविला. परंतु आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांस त्यांतील कलमें ठाऊक नाहींत, आणि ज्यांस ठाऊक आहेत त्यांसहि तीं अर्धवट ठाऊक आहेत, असें आम्हांस वारंवार आढळतें. अर्धवट कायदा जाणणारा शेतकरी बहुधा आपलें नुकसान सोसून वर स्वतःच फिर्यादींत सांपडतो. म्हणून या विषयावर थोडें सविस्तर लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला कायदा १८५७ सालचा. तो रद्द होऊन १८७१ सालीं पहिल्या क्रमांकाचा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. जंगलाचे, बियाण्यांचे, औषधांचे किंवा जनावरांस क्रूरपणें वागविण्याविरुद्धचे जे इतर कायदे शेतकऱ्याच्या वाट्यास येतात, त्यांचा अंमल कोणी तरी गणवेषधारी मनुष्य करितो. शेतकरी बहुधा आरोपीच्या बाजूस असतो. या एका कायद्यानें मात्र अंमलाचें पहिलें पाऊल शेतकऱ्याच्याच हातीं दिलें. दहाव्या कलमाप्रमाणें जमीन कसणारा वा कबजेदार आपल्या शेतांत शिरून नुकसान करणारीं गुरें स्वतः धरूं शकतो. इतकेंच नव्हे, तर पिकासाठीं ज्यानें आगाऊ पैसा दिला तो, उभें पीक विकत घेणारा व्यापारी किंवा तें गहाण घेणारा सावकार, यांनाहि तोच अधिकार दिलेला आहे. गुरें धरतांना कोणी आडवा आला तर पोलिसांनीं, त्यांस तसें सांगितल्यास, साहाय्य करावें, असेंहि त्याच कलमांत आहे.

पण या अधिकारास दोन कडक मर्यादा आहेत, आणि चूक येथेंच होते. पहिली मर्यादा अशी कीं गुरें शेतांत शिरून नुकसान करीत असलीं पाहिजेत. काल ज्या म्हशीनें ज्वारी खाल्ली ती आज रस्त्यानें जातांना दिसली म्हणून तिला धरतां येत नाहीं. दुसरी मर्यादा वेळेची. धरलेलीं गुरें चोवीस तासांच्या आंत गांवासाठीं नेमलेल्या कोंडवाड्यांत पोंचविलीं पाहिजेत. कित्येक शेतकरी जनावर आपल्याच गोठ्यांत बांधून ठेवितात आणि धन्याला बोलावून "आधीं नुकसान भर, मग दावें सोडतों" असें म्हणतात. व्यवहाराच्या दृष्टीनें हें सरळ वाटतें. कायद्याच्या दृष्टीनें हें बेकायदा अडकवून ठेवणें होय. गुरांच्या धन्यास दहा दिवसांच्या आंत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करतां येते, आणि ती खरी ठरल्यास धरणाऱ्याकडून शंभर रुपयांपर्यंत भरपाई, शिवाय धन्यानें भरलेला दंड व खर्च, त्यास देवविण्याची तरतूद १८७१ च्या कायद्यांत होती. त्या काळीं शंभर रुपये ही कोणत्याहि कुणब्यास जड जाणारी रक्कम होती. गुरांना मारहाण करणें तर सर्वस्वीं वर्ज्य. तेथें प्राणिक्लेश-निवारणाचा १९६० चा कायदा आड येतो.

कोंडवाड्यावरील माणसाचीं कर्तव्येंहि कायद्यानें स्पष्ट लिहून ठेविलीं आहेत. गुरें आलीं कीं त्यांची संख्या व वर्णन, आल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचें नांव व वस्ती, आणि ठाऊक असल्यास धन्याचें नांव, इतकें बुकांत लिहून त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्यास द्यावयाची. ही नक्कल बहुतेक शेतकरी मागत नाहींत. आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं नक्कल घेतल्यावांचून कोंडवाड्याच्या दारांतून परतूं नये. पुढें तक्रार झाली तर चोवीस तासांचा हिशेब त्याच कागदावरून सिद्ध होतो. गुरांना चारापाणी घालणें हें त्या माणसाचें काम असून त्याचा खर्च धन्याकडून वसूल होतो. सात दिवसांत धनी आला नाहीं तर पोलिस ठाण्यास कळवावयाचें. मग गांवांत व जवळच्या बाजाराच्या ठिकाणीं दवंडी पिटावयाची. आणि आणखी सात दिवस वाट पाहून जाहीर लिलाव करावयाचा. पोलिसांनीं, कोंडवाडे सांभाळणाऱ्यांनीं वा कायद्याचा अंमल करणाऱ्या इतर नोकरांनीं त्या लिलावांत बोली बोलूं नये असाहि निर्बंध आहे. कायदा करणाऱ्यांस माणसाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता!

आतां दंडाविषयीं. कोंडवाड्यांत भरलेला दंड म्हणजे आपली नुकसानभरपाई असा समज सर्वत्र आहे, आणि तो चुकीचा आहे. दंड सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या निधींत जातो. ज्याचें पीक गेलें त्याच्या हातीं त्यांतील एक पैहि येत नाहीं. भरपाई पाहिजे असल्यास सक्षम न्यायालयांत निराळा दावा लावावा लागतो, आणि तो हक्क कायद्यानें राखून ठेविला आहे. परंतु दोन पांडी हरभऱ्यासाठीं कोण कोर्टाची पायरी चढणार? यामुळें कोंडवाड्याचा खरा उपयोग धाकापुरताच उरतो, आणि धाक किती बसतो हें दंडाच्या आंकड्यावर अवलंबून असतें.

ते आंकडे पाहण्यासारखे आहेत. १८७१ च्या कायद्यानें हत्तीस दोन रुपये, उंटास व म्हशीस आठ आणे, घोडा, बैल व गाय यांस चार आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांस दोन आणे, आणि शेळीमेंढीस एक आणा असा दंड ठरविला. पुढें १९२७ चा जंगलाचा कायदा आला. त्याच्या सत्तराव्या कलमानें राखीव जंगलांत, किंवा चराईस कायदेशीर बंद केलेल्या संरक्षित जंगलांत, शिरलेलीं गुरें याच १८७१ च्या कायद्याखालीं धरण्याची मुभा जंगलखात्यास व पोलिसांस दिली. आणि एकाहत्तराव्या कलमानें अशा गुरांना जास्त दंड बसविण्याचा अधिकार सरकारास दिला. त्याची कमाल मर्यादा हत्तीस दहा रुपये, म्हशीस व उंटास दोन रुपये, बैलास व गाईस एक रुपया, आणि वासरू, गाढव, डुक्कर, शेळी, मेंढी यांस आठ आणे. म्हणजे शंभर मेंढ्यांचा कळप शेतकऱ्याच्या गव्हांत शिरला तर दंड सवा सहा रुपये. तोच कळप राखीव गवतांत शिरला तर पन्नास रुपयांपर्यंत. शेळी रोपांचा कोंवळा शेंडा खाऊन झाड कायमचें खुंटविते, म्हणून जंगलखात्याचा तिच्यावर विशेष रोष, हें आम्हांस मान्य आहे. पण शेतकऱ्याच्या गव्हाचाहि शेंडाच खाल्ला जातो, आणि त्याचें सारें वर्ष त्याच गव्हावर चालावयाचें असतें. हे दर पुढें प्रांतोप्रांतीं बदलले. शेतापेक्षां सरकारी रानास अधिक मोल देणारी ही पहिली मांडणी मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

याच मांडणीचा जाच जुन्या पिढ्यांनीं सोसला. गायरानें व डोंगर जंगलखात्याच्या हद्दींत गेल्यानें गुरांना चरावयास जागा उरली नाहीं, ही तक्रार महात्मा फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत केली होती. १९३० सालीं १० जुलैस लोकनायक बापूजी अणे यांनीं पुसद येथें राखीव रानांतील गवत कापून सत्याग्रह केला, आणि २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसें मेलीं. गवतासाठीं रक्त सांडावें इतकी ती अडचण खरी होती. तरी येथें शेतकऱ्यानेंहि आपल्याकडे पाहिलें पाहिजे. जंगलांत बैल धरला गेला कीं आपण जुलूम म्हणतों, आणि धनगराच्या मेंढ्या आपल्या बांधांत आल्या कीं आपणच कडक दंड मागतों. पीक निघाल्यावर त्याच मेंढ्या खतासाठीं शेतांत बसविण्यास आपण धनगरास धान्य देऊन बोलावितों, हें विसरून चालत नाहीं.

आजची अडचण निराळीच आहे. या कायद्याची सारी साखळी एका गृहीतावर उभी आहे: प्रत्येक जनावरास धनी असतो, आणि धनी न आल्यास घेणारा मिळतो. लिलाव हें शेवटचें पाऊल; त्यांतून दंड व खर्च वजा होऊन उरलेली रक्कम धन्यासाठीं तीन महिने राखून ठेवावयाची. परंतु ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची गरज घटली, आणि १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यांतील बंदी २०१५ सालीं बैल व वळू यांनाहि लागू झाल्यावर म्हाताऱ्या बैलाचा बाजार आकसला. ती बंदी योग्य कीं अयोग्य हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. प्रश्न इतकाच कीं ज्या बैलास लिलावांत कोणी बोलीच बोलत नाहीं, त्याचें कोंडवाड्यानें काय करावें? चाऱ्याचा खर्च रोज चढतो, भरणारा कोणी नाहीं. मग असा बैल रात्रीं सोडून दिला जातो, आणि पुन्हां कोणाच्या तरी पिकांत येतो. नुसता दंड वाढवून हें सुटणार नाहीं, कारण दंड भरावयास धनीच पुढें येत नाहीं. जो खर्च पूर्वीं लिलावांतून निघे, तो आतां सार्वजनिक निधींतून, निश्चित तरतुदीनें, कोंडवाड्यास किंवा गोशाळेस मिळाला पाहिजे. ज्या सरकारनें बाजार बंद केला त्याच्यावर ही जबाबदारी येते, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तोंवर ग्रामसभेंत पेरणीपूर्वींच हा विषय काढावा. कोंडवाड्यास कुंपण व पाण्याची सोय आहे काय, नोंदीचें बुक कोणाजवळ असतें, आणि चालू दराची पाटी कोठें लाविली आहे, हें विचारावें. दरांत व शिक्षेंत वेळोवेळीं फेरफार होतात, तेव्हां वरील जुन्या आंकड्यांवर विसंबूं नये.

रानडुक्कर व रोही यांना मात्र हा कायदा लागू नाहीं. त्यांना ना धनी, ना दावें. त्यांस १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे, आणि त्यांनीं केलेल्या नुकसानीबद्दल वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. अर्ज लौकर करावा, आणि पंचनामा होईपर्यंत तुडविलेलें पीक उपटूं नये. पाउलांच्या खुणा तशाच राहूं द्याव्या.