किती टनाचा एसी घ्यायचा?

खोलीचे चौरस फूट ऐकले की दुकानदार एसीचा टन सांगून मोकळा होतो. पण नागपुरात वरच्या मजल्यावरचा तापलेला स्लॅब रात्रीही उष्णता आत सोडत राहतो. खालच्या मजल्यावर तेवढ्याच आकाराच्या खोलीला हा त्रास नसतो.

एक टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. छत, भिंती, खिडक्या, माणसं, उपकरणं या सगळ्यांची बेरीज म्हणजे खरी गरज.

ही गरज मोजण्याऐवजी मोठाच एसी घेणं हा काही उपाय नाही. मुंबईच्या दमट हवेत गरजेपेक्षा मोठा, बिनइन्व्हर्टरचा एसी खोली झटपट गार करून थांबतो. ओलावा मात्र पुरेसा निघत नाही.

म्हणून आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग द्या, पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली करा आणि मगच हिशेब मांडून एसी निवडा.