धारेचा दगड कसा ओळखावा

बैलाचे दांत, बियाण्याचा उगवता जोर व जमिनीचा पोत ह्यांची चौकशी केल्यावांचून आपण शेतकरी लोक व्यवहार करीत नाहीं. परंतु ज्या दगडावर आपण सुरी, वस्तरा किंवा कलमाचा चाकू घासतों, त्या दगडाची जात कोणीं विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. हाताशीं आला तो दगड घेतला, पाणी शिंपडलें आणि पातें चार वेळां घासलें, कीं काम झालें, अशी समजूत आहे. ही समजूत आम्हांस महाग पडली, म्हणून हा लेख.

आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. ‘पोटखराब, खडक’ हे शब्द आम्हीं हजारों वेळां लिहिले असतील. पण तो खडक कोणत्या जातीचा, हें एकदांही पाहिलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर आम्ही दक्षिण कोंकणांतील आमच्या गांवीं येऊन राहिलों. परसांत वडिलांनीं लावलेलें आंब्याचें झाड होतें. तें वादळांत कललें व एका अंगानें वाळूं लागलें. त्याची जात राखावी म्हणून आम्हीं पावसाच्या आरंभीं बारा कोयकलमें बांधलीं. चाकू स्वयंपाकघरांतील कडाप्प्याच्या ओट्यावर मन लावून घासला होता. महिन्याभरांत बाराही काड्या काळ्या पडल्या.

गांवांतील वृद्ध नाभिक, ज्यांस सर्वजण नाना म्हणतात, त्यांस तो चाकू दाखविला. त्यांनीं धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली व म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या दगडानं पातं घासलं नाही, नुसतं कुरवाळलं.” मग त्यांनीं धोकटींतून फडक्यांत गुंडाळलेला, तळहाताएवढा, काळपट हिरवा दगड काढला. तो त्यांच्या आजोबांपासूनचा. कोणत्या डोंगरांतला, हें त्यांस ठाऊक नाहीं. त्याचें नांवही नाहीं. पाणी घालून चाकू थोडा फिरवितांच त्या दगडावरील पाणी काळें झालें. हें काळें पाणी म्हणजे झिजलेल्या पोलादाचा कीस होय. ओट्यावर घासतांना असें काळें पाणी आलें नव्हतें, हें आम्हांस तेव्हां आठवलें.

ह्याचें कारण सोपें आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ मोह्‌स ह्यांनीं इ. स. १८१२ मध्यें खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पायरी लाविली. तींत चुनखडकांतील मुख्य खनिज तिसऱ्या पायरीवर, गार सातव्या, कुरुंद नवव्या व हिरा दहाव्या पायरीवर आहे. पाणी दिलेलें पोलाद साधारणतः साडेपांच ते सात ह्यांच्या दरम्यान येतें. कडाप्पा व शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडक. त्यांवर वळलेली धार क्षणभर सरळ होते, पण नवी धार निघत नाहीं. जांभा सच्छिद्र व ठिसूळ. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आपला काळा दगड जात्यास व पाट्यास उत्तम. परंतु त्यांतील खनिजें पोलादाच्या जेमतेम बरोबरीचीं असल्यामुळें तो मऊ लोखंडाच्या कोयत्यास कसाबसा चालतो, वस्तऱ्यास नव्हे. त्याच खडकांत सांपडणारा अकीक कठीण खरा, पण त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत कीं तो धातूस झळाळी आणतो, कापीत नाहीं.

तेव्हां धारेचा दगड म्हणजे पोलादाहून कठीण अशा सूक्ष्म व सारख्या कणांचा दगड. बदामीचीं लेणीं ज्यांत कोरलीं तो, गोकाकचा धबधबा ज्यावरून पडतो तो, किंवा नागपूरजवळील कामठीचा, हे वालुकाश्म गारेच्या कणांचे बनलेले आहेत. अशा जातीचा दगड कण भरड असेल तर कुऱ्हाड व कोयता ह्यांस आणि बारीक असेल तर सुरीस उपयोगी पडतो. वस्तऱ्याच्या अखेरच्या धारेस ह्याहून पुष्कळच सूक्ष्म कण लागतो. बेल्जममधील आर्देन प्रदेशांतील पिंवळसर दगड त्याबद्दल प्रसिद्ध आहे. तो स्वतः मऊ, पण त्यांत डोळ्यांस न दिसणारे कठीण तामड्याचे कण दाटून बसलेले असतात. अमेरिकेंतील अर्कान्सा संस्थानचा दगड बहुतेक शुद्ध सूक्ष्म गारेचा आहे. आपल्याकडे कुरुंदाची पूड लाखेंत घोटून सराण बनविण्याची रीत जुनी आहे. इ. स. १८९१ मध्यें अॅचेसन ह्यांनीं कार्बोरंडम तयार केल्यापासून कृत्रिम दगड सर्वत्र मिळूं लागले. पहिली धार काढण्यास ते अवश्य घ्यावे. शेवटचा हात मात्र बारीक नैसर्गिक दगडावर फार सुरेख बसतो.

दगड पारखण्याची रीत अशी. प्रथम तो भिजवून उन्हांत पहावा. शिरा, भेगा किंवा एखादा मोठा खडा दिसल्यास टाकून द्यावा, कारण एकच भरड कण वस्तऱ्याची धार बिघडवितो. दुसरें, टोकानें थोडी पूड खरवडून तीवर शिर्का टाकावा. फसफसल्यास तो चुनखडक समजावा. तिसरें, हलकेच ठोकून पहावा. बद्द आवाज आल्यास आंत चीर असण्याचा संभव असतो. चौथी व खरी परीक्षा काळ्या पाण्याची. दगड ओरखडतो एवढ्यावरून त्यास वाईट म्हणूं नये, हें वरील बेल्जमच्या दगडावरून दिसतेंच.

निवडलेला दगड सपाट करण्यास दुसरा दगड, वाळू व पाणी घेऊन घासावा. कोरडा कधींही घासूं नये. गारेची धूळ फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग होतो. सुरी दगडाशीं सुमारें वीस अंशांचा कोन राखून फिरवावी व पात्याच्या दुसऱ्या अंगास उलटलेली बारीक किनार बोटास लागेपर्यंत एक बाजू घासावी, मग दुसरी. वस्तऱ्याची पाठ व धार दोन्ही दगडास टेकलेलीं असावींत, धार पुढें जावी आणि शेवटीं कातड्याच्या पट्टीवर पाठ पुढें करून फिरवावा. कलमाचा चाकू एकाच बाजूस उतरता असेल, तर तीच बाजू घासावी. सपाट बाजूस नुसता हात लावावा. विजेच्या चाकावर पातें निळें पडलें तर सुमारें तीनशें अंशांची उष्णता पोंचून त्याचें पाणी उतरलें असें जाणावें. वस्तरा ज्याचा त्यानेंच वापरावा. रक्तावाटे कावीळ व एड्स ह्यांसारखे रोग पसरतात.

आमच्या जुन्या पेशाला स्मरून एक सूचना करितों. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम ४८ अन्वयें खनिजांवर सरकारचा हक्क आहे. तेव्हां खाण खणूं नये, व लेणीं, किल्ले, देवळें ह्यांच्या दगडास तर हातही लावूं नये. एका कुटुंबास तळहाताएवढा एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या पुरतो.

पुढच्या पावसाळ्यांत झाडाची एकच फांदी हिरवी उरली होती. तिच्या आठ काड्या मिळाल्या. नानांच्या दगडावर चाकू लावून आम्हीं त्या बांधल्या. काप आरशासारखा आला, साल फाटली नाहीं आणि सालीखालचा सजीव थर थरास भिडला. आठांपैकीं पांच जगल्या. झाड त्याच हिवाळ्यांत तोडावें लागलें. कलमांस अद्याप फळ नाहीं. पण पान चुरगळून हुंगलें असतां वास वडिलांच्या झाडाचाच येतो.

वाचकांनीं आपल्या घरांतील दगडावर आजच थोडें पाणी घालून पातें फिरवावें. पाणी काळें झालें तर दगड राखावा. न झाल्यास कलमांच्या दिवसांपूर्वीं दुसरा शोधावा.