मधल्या सुट्टीतलं ग्रंथालय

मधली सुट्टी बहुतेक शाळांत अर्ध्या तासाची. त्यात डबा खायचा, नळावरच्या रांगेत हात धुवायचे, आणि ग्रंथालय वरच्या मजल्यावर असेल तर जिनाही चढायचा. मुलाच्या हाती उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. ती कशासाठी, हे आधी ठरवावं म्हणजे पुढची व्यवस्था सुचत जाते. माझं मत असं, की ती वाचण्यासाठी असावीत, पुस्तक बदलायच्या रांगेत उभं राहण्यासाठी नव्हे.

देवघेवीचा हिशेब करून पाहा. नोंदवहीत वर्गाचं पान काढायचं, नाव शोधायचं, जुनी नोंद खोडायची, नव्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहायचा, सही घ्यायची. हात कितीही चालता असला तरी एका मुलामागे मिनिट जातंच. म्हणजे विसावं मूल घंटा झाल्यावर रिकाम्या हातानं वर्गात परतणार. म्हणून देवघेव वर्गवार, वाचनाच्या तासिकेत करावी. सुट्टीत दाराशी फक्त एक खोका ठेवावा. वाचून झालेलं पुस्तक त्यात टाकायचं आणि आत यायचं, नोंदी मागाहून.

तरीही एखाद्याला ‘फास्टर फेणे’ अर्ध्यावर सोडवत नाही, घरी न्यायचाच असतो. त्याच्यासाठी कार्डाची जुनी पद्धत अजून चोख चालते. पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा चिकटवलेला असतो आणि त्यात नाव व दाखल क्रमांक लिहिलेलं कार्ड असतं. मुलाकडे त्याच्या नावाचं छोटं पाकीट. पुस्तक नेताना कार्ड काढून पाकिटात सरकवायचं आणि ते पाकीट त्या तारखेच्या पट्टीमागे ट्रेमध्ये उभं करायचं. लिहायचं काहीच नाही, आणि पुस्तक कोणाकडे आहे ते ट्रे सांगतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचंच आहे. शाळेत त्याची खरी कसोटी याच पंधरा मिनिटांत लागते.

आता गर्दी. जितक्या मुलांना बसायला जागा, तितके बिल्ले दाराबाहेर खिळ्यांवर टांगावेत. पुठ्ठ्याचेही चालतात. आत येणाऱ्यानं एक काढून गळ्यात घालायचा, जाताना परत टांगायचा. खिळे रिकामे म्हणजे जागा भरली, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. दारात कुणी दटावत उभं राहावं लागत नाही.

पण धावत येणाऱ्यांनाच बिल्ले मिळतात, आणि इथे खिचडीची रांग आडवी येते. पोषण आहार पहिली ते आठवीला. नववी-दहावीची मुलं घरचा डबा पटकन संपवून मोकळी होतात. पाचवी-सहावीच्या मुलांना ताट मिळेपर्यंत, ते घासून ठेवेपर्यंत सुट्टी सरत आलेली असते. वाढपाचा क्रम न पाहता केलेलं वेळापत्रक त्यांच्यावर अन्याय करतं. रोज एकेका इयत्तेची पाळी लावून निम्मे बिल्ले तिच्यासाठी राखून ठेवावेत आणि निम्मे सगळ्यांना खुले. सगळेच राखीव केले तर रोज येऊ पाहणाऱ्याची सवय मोडते, आणि ती एकदा मोडली की पुन्हा लावणं फार कठीण.

डबा आत नाही, या नियमाला सवलत देऊ नये. लोणच्याच्या तेलाचा डाग पानातून जात नाही आणि सांडलेल्या शितांमागे मुंग्या, झुरळं येतात. झुरळांना पुस्तकबांधणीतली खळही आवडते. दाराशी पाण्याची बादली आणि जुना पंचा ठेवला तर हात ओले आहेत म्हणून कुणाला परत पाठवावं लागत नाही.

शांततेबद्दल मात्र मी सैल आहे. एका कोपऱ्यात सतरंजी टाकून ‘किशोर’चे अंक, चित्रकथा ठेवाव्यात. तिथे दोघं-तिघं डोक्याला डोकं लावून वाचतील, हसतील. बाकांकडची बाजू शांत राहिली म्हणजे पुरे. शिवाय सुट्टीत ग्रंथालयात येणारं प्रत्येक मूल वाचायला येतं असं नाही. कुणाचा गृहपाठ राहिलेला असतो, कुणाला मैदानावर खेळायला घेत नाहीत, कुणी डबाच आणलेला नसतो. अशा मुलाला “वाचायचं नसेल तर बाहेर जा” असं कधीही म्हणू नये. ते पुस्तक उघडून नुसतं बसलं तरी बसू द्यावं. डब्याचं मात्र वर्गशिक्षकांना हळूच, दुसऱ्या कुणाच्या कानावर न जाता सांगावं.

पंधरा मिनिटांत गोष्ट संपत नाही. म्हणून दाराजवळचा एक कप्पा ‘अर्धवट वाचलेली’ म्हणून मोकळा ठेवावा. नाव लिहिलेली कागदाची पट्टी पानात घालून पुस्तक तिथे ठेवायचं आणि उद्या तिथूनच उचलायचं. आठवडाभर ते दुसऱ्याला द्यायचं नाही. बाकीची पुस्तकं मुलांनी कपाटात परत लावू नयेत, टेबलावर ठेवावीत. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच. ती जागेवर लावायला आठवी-नववीचे ग्रंथमित्र नेमावेत.

ग्रंथपालांनाही जेवायचं असतं, हे बहुतेक वेळापत्रकं विसरतात. पुष्कळ शाळांत ग्रंथपाल अर्धवेळच असतात. रोज एका शिक्षकाची पाळी लावून त्यांना सुट्टीच्या आधी किंवा नंतर जेवायला वेळ द्यावा.

आणि रोज दोन आकडे वहीत लिहावेत: आत किती आले, आणि बिल्ला न मिळाल्यानं परत किती गेले. दुसरा आकडा जास्त कामाचा. प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवंच, असं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं आहे. ते केवढं असावं, हे शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडताना महिन्याभराचे हे परत गेलेल्या मुलांचे आकडे ठेवावेत आणि व्हरांड्यात आणखी दोन सतरंज्या मागाव्यात.